केसाएवढी हालचाल टिपताना: एमआरआयने ऊतींचं सूक्ष्म स्पंदन कसं मोजावं

हृदयाचा ठोका पडतो आणि कवटीतला मेंदू किंचित खाली सरकतो, मग सावकाश जागेवर येतो. बहुतेक भागांत हे सरकणं एक-दोन दशांश मिलिमीटरचं असतं. मेंदूच्या देठापाशी आणि अनुमस्तिष्काच्या खालच्या टोकाशी ते फार तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जातं. माणसाचा केस साधारण ०.०७ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे बहुतेक भागांतली हालचाल एक-दोन केसांच्या जाडीची. एमआरआयच्या चित्रातला एकेक ठोकळा, म्हणजे व्हॉक्सेल, मात्र एक-दीड मिलिमीटरचा. ज्या पट्टीवर मिलिमीटरपेक्षा बारीक खुणाच नाहीत, तिने केस मोजायचा कसा?

चित्रात शोधलं तर नाहीच मोजता येत. फेजमध्ये, म्हणजे सिग्नल देणारी केंद्रकं आपल्या गिरकीत कुठवर पोहोचली आहेत त्या कोनात, शोधलं तर येतं, आणि तेही चांगल्या अचूकतेने. पण फेज फार हळवी असते. ऊतीच्या हालचालीने ती बदलते, तशी ग्रेडियंटच्या (चुंबकीय क्षेत्र जागेनुसार बदलणाऱ्या यंत्रणेच्या) उरलेल्या प्रवाहांनी बदलते, श्वासाने बदलते, यंत्र तापलं तरी बदलते. त्यामुळे आकडा मिळवणं हे या कामातलं सोपं टोक आहे. तो आकडा ऊतीचाच आहे याची खात्री करण्यात तीन चतुर्थांश मेहनत जाते. हा लेख त्या मेहनतीबद्दल आहे. मुख्य उदाहरण मेंदूच्या स्पंदनाचं घेतलं आहे, आणि पुढे यकृताच्या इलास्टोग्राफीकडेही, म्हणजे बाहेरून कंपन देऊन घट्टपणा मोजण्याकडेही, वळलो आहे, कारण मूळ तत्त्व एकच.

फेज हालचाल कशी पकडते

१.५ टेस्लाच्या चुंबकात हायड्रोजनचं केंद्रक सेकंदाला सुमारे ६ कोटी ३९ लाख गिरक्या घेतं, ३ टेस्लात त्याच्या दुप्पट. गिरकीचा वेग चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेवर ठरतो. ग्रेडियंट चालू केला की क्षेत्र जागेनुसार बदलतं आणि शेजारशेजारची केंद्रकं वेगवेगळ्या वेगाने फिरू लागतात.

आता हिशेब करू. ग्रेडियंट मीटरला ४० मिलिटेस्लाचा आहे. एक मिलिमीटर अंतरावरच्या दोन केंद्रकांच्या वेगात सेकंदाला सुमारे १७०० गिरक्यांचा फरक पडतो. ग्रेडियंट फक्त एक मिलिसेकंद ठेवला, तर दोघांमध्ये १.७ गिरक्यांचं अंतर पडतं. मग तितकाच ग्रेडियंट उलट्या दिशेने तितकाच वेळ लावा. जे केंद्रक जागचं हललं नाही त्याचा सगळा पीळ सुटतो आणि फेज शून्यावर येते. मधल्या वेळात जे ०.१ मिलिमीटर सरकलं, त्याच्याकडे ०.१७ गिरकी शिल्लक राहते, म्हणजे जवळजवळ ६१ अंश. सिग्नल नॉइजच्या ४० पट असेल तर फेज मोजण्यातली चूक साधारण १.४ अंशांची असते. ६१ अंश शोधायचे आहेत आणि चूक दीड अंशाची आहे. केसाएवढी हालचाल व्हॉक्सेलच्या आत लपूनही सापडते ती यामुळे.

ही कल्पना नवी नाही. १९५० मध्ये स्पिन एको (विखुरलेला सिग्नल पुन्हा जुळवून आणण्याची युक्ती) शोधणाऱ्या एर्विन हान यांनी १९६० मध्ये समुद्राच्या पाण्याची हालचाल अशा फेजवरून मोजण्याची पद्धत मांडली होती. शरीराची चित्रं काढणारं एमआरआय यंत्र तेव्हा अस्तित्वातही नव्हतं. मला ही गोष्ट दर वेळी थक्क करते.

पहिली पायरी: कोणती हालचाल, कोणी केलेली

कोणती पद्धत वापरायची हे यंत्राच्या मेनूत काय दिसतं त्यावरून ठरवू नका. हालचाल किती मोठी आहे, ती कोण घडवतं आणि ती पुन्हा पुन्हा तशीच होते का, हे तीन प्रश्न आधी सोडवा.

हृदयाची भिंत काही मिलिमीटर सरकते. तिच्यासाठी टॅगिंग उत्तम. ऊतीवर चुंबकीय काळ्या रेघा आखायच्या आणि त्या कशा वाकतात ते पाहायचं. झेरहौनी आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत १९८८ मध्ये दाखवली, आणि पुढच्याच वर्षी ॲक्सेल आणि डोअर्टी यांनी ती सुटसुटीत केली. पण रेघा काही मिलिमीटर अंतरावर असतात. मेंदूच्या दशांश मिलिमीटरसाठी ही पट्टी जाडीभरडी आहे.

मेंदूसाठी दोन मार्ग आहेत. पहिला फेज कॉन्ट्रास्टचा: प्रत्येक क्षणाचा वेग मोजायचा आणि वेगांची बेरीज करत विस्थापन काढायचं. फाइनबर्ग आणि मार्क यांनी १९८७ मध्ये, तर एन्झमन आणि पेल्क यांनी १९९२ मध्ये मेंदूची हालचाल अशी मोजून दाखवली. दुसरा डेन्स (DENSE) नावाच्या पद्धतीचा, जो अलेट्रास आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडला. यात पहिल्या ग्रेडियंटनंतर चुंबकत्व आडव्या पातळीतून उभ्या दिशेत साठवून ठेवतात, काहीशे मिलिसेकंद थांबतात आणि मग दुसरा ग्रेडियंट लावतात. मधल्या वेळात ऊती पूर्ण सरकलेली असते, त्यामुळे विस्थापन थेट फेजमध्ये उतरतं, बेरीज करावी लागत नाही. त्याची किंमत म्हणजे निम्मा सिग्नल जातो, आणि साठवलेलं चुंबकत्वही वाट पाहताना क्षीण होत जातं.

ॲम्प्लिफाइड एमआरआय नावाची तिसरी वाटही आहे. होल्ड्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी ती २०१६ मध्ये मांडली. हृदयाच्या ठोक्याशी जुळवून काढलेल्या चित्रफितीतली बारीक हालचाल संगणकाने फुगवून डोळ्यांना दिसेल अशी केली जाते. पाहण्यासाठी आणि समजावून सांगण्यासाठी ती फार सुंदर आहे. पण फुगवलेल्या चित्रावर पट्टी लावून मिलिमीटर काढू नका.

शरीर स्वतःहून हलत नसेल आणि तुम्हाला ऊतीचा कडकपणा हवा असेल, तर बाहेरून कंपन द्यावं लागतं. ती इलास्टोग्राफी, तिच्याकडे शेवटी येतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने फेज कॉन्ट्रास्टच घ्यावा असं माझं मत आहे. तो बहुतेक यंत्रांवर रक्तप्रवाह मोजण्यासाठी आधीपासून असतो, आणि त्यातल्या चुका नीट अभ्यासलेल्या आहेत.

दुसरी पायरी: कागदावरचा हिशेब

फेज कॉन्ट्रास्टमध्ये सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे व्हेंक, ज्या वेगाला फेज बरोबर १८० अंश होते तो वेग. मस्तिष्कद्रवाच्या, म्हणजे मेंदूभोवतीच्या द्रवाच्या, प्रवाहासाठी तो सहसा सेकंदाला ५० ते १०० मिलिमीटर ठेवतात. तोच प्रोटोकॉल उचलून मेंदूच्या ऊतीवर लावणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

का, ते आकड्यांत पाहा. मेंदूच्या देठाचा वेग सेकंदाला एक मिलिमीटर धरू. व्हेंक १०० असेल तर त्याची फेज भरते १.८ अंश. वेगातली चूक काढायचं सूत्र असं: व्हेंकला सिग्नल-नॉइज गुणोत्तराने भागा आणि ०.४५ ने गुणा. गुणोत्तर ४० असेल तर चूक येते सेकंदाला १.१ मिलिमीटर. मोजायचा वेग एक आणि चूक एकाहून जास्त! आता व्हेंक ५ करा. फेज होते ३६ अंश आणि चूक उतरते ०.०५६ मिलिमीटर प्रति सेकंदावर. यंत्र तेच, माणूस तोच, वेळही जवळजवळ तेवढीच, फक्त एक आकडा बदलला.

मग व्हेंक १ का नको? दोन कारणं आहेत. वेग व्हेंकच्या पुढे गेला की फेज गुंडाळली जाते आणि खाली जाणारी ऊती वर जाताना दिसते. शिवाय व्हेंक लहान करायला ग्रेडियंट जोरकस किंवा लांब करावे लागतात. ते लांबले की एको टाइम (सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) वाढतो, सिग्नल घटतो, आणि ग्रेडियंटमुळे यंत्राच्या धातूत उठणारे एडी करंटही वाढतात. मेंदूसाठी ४ ते १० यांच्या दरम्यान राहा. पहिल्या प्रयत्नाला ५ घ्या.

या हिशेबातली एक गोष्ट मला फार आवडते. दोन ग्रेडियंटमधलं अंतर दहा मिलिसेकंद धरलं, तर सेकंदाला एक मिलिमीटर वेगाने जाणारी ऊती तेवढ्या वेळात सरकते फक्त ०.०१ मिलिमीटर. केसाचा दहावा हिस्सा, आणि तोही फेजमध्ये दिसतो.

तिसरी पायरी: माणसाची तयारी

सुरक्षिततेची तपासणी नेहमीसारखीच, त्यात सवलत नाही: पेसमेकर, रक्तवाहिनीवरची क्लिप, डोळ्यातला धातूचा कण, कानातलं रोपण, सगळं विचारा आणि लिहून घ्या. ईसीजीचे इलेक्ट्रोड एमआरआयला चालणारेच हवेत. त्यांच्या तारा त्वचेवर वेटोळं करून पडू देऊ नका. रेडिओलहरींनी तार तापते आणि भाजण्याचा धोका असतो. कानात बोळे हवेतच, जोरकस ग्रेडियंटचा आवाज मोठा असतो.

आता डोकं. नेहमीच्या तपासणीत डोकं दोन मिलिमीटर हललं तर चित्र थोडं धूसर होतं. इथे तेवढ्याने सगळंच वाया जातं. कॉइल (डोक्याभोवतीचा, सिग्नल टिपणारा साचा) आणि डोकं यांच्यातली प्रत्येक फट फोमने भरा: दोन्ही कानांच्या बाजूला, माथ्याकडे, मानेखाली. घट्ट पण सुखाचं बसवा. जाच होत असेल तर माणूस नकळत मान ताणतो, आणि तो ताण वाढत-सैलावत राहतो. गुडघ्यांखाली उशी दिली की पाठ सैल पडते आणि हात-पाय हलवायची इच्छा कमी होते. माणसाला आधीच सांगा की स्कॅन तीनेक मिनिटांचा आहे, त्यात गिळणं टाळा, जांभई आली तर लगेच नंतर सांगा. गिळताना जीभ आणि घसा वर-खाली होतात आणि त्यांच्यामुळे मेंदूच्या देठाजवळचं चुंबकीय क्षेत्रच बदलतं.

ठोक्याची वेळ ईसीजीवरून घ्या, बोटाच्या चिमट्यावरून नको. बोटापर्यंत नाडीची लाट पोहोचायला काही दशांश सेकंद लागतात, आणि तो उशीर माणसागणिक वेगळा असतो. चिमट्याने काढलेला आलेख दिसायला चांगला येतो, पण अख्खा सरकलेला असतो. दोन माणसांची तुलना करायला गेलात की गोंधळ होतो. चुंबकात ईसीजीची खूण खराब येत असेल तर छातीवर इलेक्ट्रोड पुन्हा लावा, त्वचा नीट पुसा. पाच मिनिटं जातात, पण ती सार्थकी लागतात.

चौथी पायरी: काप आणि दिशा

पहिला काप, म्हणजे ज्याचं चित्र काढायचं तो पातळ थर, डोक्याच्या मधोमध, डाव्या-उजव्या भागांना विभागणारा घ्या. एकाच चित्रात मेंदूचा देठ, अनुमस्तिष्क, मज्जारज्जूची सुरुवात आणि वरचा मेंदू सगळं येतं. वेग मोजायची दिशा ठेवा डोक्याकडून पायाकडे, कारण मुख्य हालचाल त्याच दिशेने आहे. तिन्ही दिशा हव्यात असा मोह पहिल्याच दिवशी आवरा.

कापाची जाडी मात्र विचार करून ठरवा. मेंदूच्या देठाला लागून मस्तिष्कद्रव वाहतो, आणि त्याचा वेग ऊतीच्या दसपट किंवा जास्तही असतो. एका व्हॉक्सेलमध्ये थोडी ऊती आणि थोडा द्रव आला, तर द्रव आकडा बिघडवतो. व्हेंक ५ वर द्रवाची फेज गुंडाळलेली असते, त्यामुळे तो किती बिघडवतो याचा अंदाजही लागत नाही. म्हणून काप ५ मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि कडेचे व्हॉक्सेल पुढे गाळायचे हे आत्ताच ठरवून ठेवा.

पाचवी पायरी: स्कॅन

साधा हिशेब: चित्राच्या १९२ ओळी, रेडिओलहरीच्या पल्सची पुनरावृत्ती दर २० मिलिसेकंदांनी, आणि प्रत्येक क्षणासाठी ग्रेडियंट एकदा सुलट, एकदा उलट. म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. ठोका ९०० मिलिसेकंदांचा असेल तर २२ फ्रेम. दर ठोक्याला एकच ओळ भरली तर १९२ ठोके, म्हणजे जेमतेम तीन मिनिटं. एका ठोक्यात दोन ओळी भरून वेळ निम्मी करता येते, पण मग फ्रेम ८० मिलिसेकंदांची होते. मेंदूचा खाली जाण्याचा झटका इतका झटपट असतो की तो त्यात पुसट होतो. वेळ वाचवायचीच असेल तर ओळी कमी करा, फ्रेम लांबवू नका.

गेटिंग, म्हणजे स्कॅनची ठोक्याशी जुळवणी, रेट्रोस्पेक्टिव्ह ठेवा: यंत्र अखंड स्कॅन करत राहील आणि कोणती ओळ ठोक्याच्या कोणत्या क्षणाची ते मागाहून लावलं जाईल. हे मी इतक्या आग्रहाने का सांगतो, ते सांगायलाच हवं.

सुरुवातीच्या काळात मी प्रत्येक ठोक्याला नव्याने सुरू होणारं, प्रॉस्पेक्टिव्ह गेटिंग वापरत होतो. पहिल्याच माणसाचा आलेख आला तो डोळ्यांचं पारणं फेडणारा: ठोक्यापाठोपाठ एक खणखणीत उसळी, मग सावकाश उतार. मी तो दोन दिवस सगळ्यांना दाखवत होतो. तिसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, "जेलवर करून पाहिलं का?" कॉइलमध्ये जेलचा फॅन्टम (माणसाऐवजी चाचणीला ठेवायचा डबा) ठेवला, ईसीजी माझ्याच छातीला लावला आणि तोच स्कॅन चालवला. प्लास्टिकच्या डब्यातलं निर्जीव जेलही ठोक्यागणिक उसळी मारत होतं! मेंदूइतकी मोठी नाही, पण आकार तोच. प्रत्येक ठोक्याच्या शेवटी यंत्र पुढच्या ईसीजीची वाट पाहत क्षणभर थांबत होतं. तेवढ्यात एडी करंट विरत होते आणि पुन्हा सुरू होताना नव्याने उभे राहत होते. पहिल्या चार-पाच फ्रेममधली फेज त्यांची होती. त्या दिवसापासून जेलशिवाय मी एकही मोजमाप मोजमाप म्हणून धरलेलं नाही.

सहावी पायरी: जेल

माणूस बाहेर आल्यावर लगेच, त्याच बैठकीत, तोच काप, तोच कोन, तोच व्हेंक ठेवून जेलचा स्कॅन करा. ईसीजीच्या जागी यंत्रातला कृत्रिम ठोका चालतो. पाणी वापरू नका. ते डब्यात हिंदकळतं आणि मिनिटांनंतरही मंद फिरत राहतं. अगारचं घट्ट जेल उत्तम. टेबल सरकवल्यावर दोन-तीन मिनिटं तसंच थांबा, मग सुरू करा.

जेलवर दोन गोष्टी पाहायच्या. फेज चित्रभर सारखी आहे की एका बाजूला झुकलेली? झुकलेली असणारच, ती वजा करायची आहे. आणि फ्रेमगणिक ती बदलते का? बदलत असेल तर थांबा. वजाबाकीने ते सुटेल या आशेवर पुढे जाऊ नका, आधी सीक्वेन्स, म्हणजे पल्स आणि ग्रेडियंटचा ठरलेला क्रम, दुरुस्त करा.

सातवी पायरी: दुरुस्त्या, याच क्रमाने

प्रक्रिया करण्याआधी कच्चं फेज-चित्र फितीसारखं फिरवून पाहा. ऊतीत अचानक काळ्याचं पांढरं होणारे ठिपके दिसले तर फेज गुंडाळली आहे. व्हेंक ५ वर हे द्रवातच दिसायला हवं, मेंदूच्या आत दिसलं तर डोकं हललं असण्याची शक्यता जास्त.

मग फेजचे आकडे अंशांत आणा. अनेक यंत्रांवर फेज ० ते ४०९५ अशी साठवतात, त्यात मधला आकडा म्हणजे शून्य फेज आणि दोन टोकं म्हणजे उणे आणि अधिक १८० अंश. तुमच्या यंत्रावर काय आहे ते नक्की पाहून घ्या. इथे चूक झाली तर सगळे आकडे एका पटीने चुकतात आणि आलेख मात्र निर्दोष दिसतो.

त्यानंतर गुंडाळलेली फेज उलगडा, आणि मगच पार्श्वभूमी वजा करा. हा क्रम उलटा केला तर उलगडणाऱ्या प्रोग्रामला उडी कुठे आहे तेच कळत नाही. पार्श्वभूमीसाठी जेलचं चित्र आहेच, पण ऊतीच्या बाबतीत निसर्गाने आणखी एक सोय करून ठेवली आहे. रक्त पुढे वाहून जातं, मेंदू कुठे जात नाही. एका पूर्ण ठोक्यानंतर तो होता तिथेच परततो, म्हणून त्याचा ठोकाभराचा सरासरी वेग शून्यच असायला हवा. प्रत्येक व्हॉक्सेलची सगळ्या फ्रेमची सरासरी काढा आणि ती वजा करा. स्थिर राहणारी सगळी खोटी फेज एका फटक्यात जाते. फ्रेमगणिक बदलणारी खोटी फेज मात्र याने जात नाही, म्हणून सरासरी वजा केली तरी जेल लागतोच.

उरतो डोक्याचा एकंदर हेलकावा. ठोक्याबरोबर मानेतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि अख्खं डोकं किंचित डुलतं. तो हेलकावा मेंदूच्या आलेखात मिसळलेला असतो. कवटीच्या हाडाचा सिग्नल जवळजवळ नसतो, म्हणून टाळूच्या त्वचेखालची चरबी घ्या. तिचा आलेख काढा आणि त्यातून अख्खं डोकं किती हललं याचा अंदाज बांधा. ही दुरुस्ती नाजूक आहे, कारण टाळूत स्वतःचंही रक्तस्पंदन असतं. ती केली असेल तर दुरुस्ती केलेला आणि न केलेला, असे दोन्ही आलेख शेजारी ठेवा.

आठवी पायरी: वेगापासून विस्थापन

प्रत्येक फ्रेमचा वेग गुणिले फ्रेमची लांबी, आणि त्याची चालत बेरीज. वेग सरासरी ०.८ मिलिमीटर प्रति सेकंद असा चार फ्रेम राहिला, तर ०.८ गुणिले ०.१६ सेकंद, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटर. आकडा अपेक्षित पल्ल्यात आहे.

बेरजेची खोड अशी की लहानशी कायम चूकही साचत जाते. सरासरी आधी वजा केली असेल तर शेवटच्या फ्रेमला आलेख आपोआप शून्यावर येतो. त्यामुळे तो शून्यावर आला म्हणून मोजमाप बरोबर, असा निष्कर्ष काढू नका. ते तुम्हीच घडवून आणलेलं आहे.

ऊती किती ताणली जाते हे हवं असेल तर शेजारच्या भागांच्या विस्थापनातला फरक अंतराने भागावा लागतो. ५० मिलिमीटर अंतरावरच्या दोन भागांत ०.०५ मिलिमीटरचा फरक म्हणजे ०.१ टक्के ताण. फरक काढला की नॉइज वाढतो, म्हणून ताण मोठ्या भागांच्या सरासरीवरच काढा. व्हॉक्सेल-व्हॉक्सेलचे रंगीत नकाशे मोहक दिसतात, पण फेज कॉन्ट्रास्टवरून काढलेल्या अशा नकाशात बहुतेक रंग नॉइजचेच असतात. ताण हाच मुख्य प्रश्न असेल तर डेन्सकडे वळा.

काय दिसायला हवं

ईसीजीच्या आर-लाटेनंतर (ठोक्याच्या सर्वात उंच टोकानंतर) काही वेळाने मेंदूचा देठ आणि खालचा मध्यभाग पायाच्या दिशेने झटकन सरकतो, आणि उरलेल्या ठोक्यात हळूहळू परततो. कारण सरळ आहे: धमन्यांतून रक्त आत येतं, कवटी ताठ असते, आणि मोकळी वाट खालच्या मोठ्या छिद्राकडे असते. म्हणून त्या छिद्राच्या जवळ हालचाल जास्त, वर मेंदूच्या पृष्ठभागाकडे कमी. तुमच्या नकाशात हा उतार उलटा आला तर दिशेचं चिन्ह तपासा.

कियारी विकारात अनुमस्तिष्काची टोकं त्या छिद्रातून खाली उतरलेली असतात, आणि तिथली ठोक्याबरोबरची हालचाल निरोगी माणसांपेक्षा जास्त मोजली गेली आहे. एवढ्यावरून निदान करू नये. निदान लक्षणं, रचना आणि डॉक्टरांची तपासणी यांच्यावरच होतं.

बाहेरून कंपन: यकृताची इलास्टोग्राफी

१९९५ मध्ये मेयो क्लिनिकमधले मुत्तुपिल्लई, इमन आणि सहकारी यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की ऊतीला ठरावीक कंपन द्यायचं, ग्रेडियंट त्याच तालावर सुलट-उलट करायचे, आणि लाट थेट फेजच्या चित्रात पाहायची. आज यकृताचा घट्टपणा मोजायला हे नित्याचं तंत्र आहे.

माणूस किमान चार तास उपाशी हवा. जेवणानंतर यकृताकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि आकडा चढतो. कंपन देणारी चपटी डबी उजव्या बाजूला, खालच्या बरगड्यांवर, छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या पातळीवर ठेवा आणि पट्ट्याने आवळा. पट्टा सैल असला तर लाट आत पोहोचतच नाही. कंपन सहसा ६० हर्ट्झचं असतं. श्वास सोडून रोखायला सांगा, आणि प्रत्येक वेळी त्याच पातळीवर. तालाच्या चार वेगवेगळ्या क्षणी चित्रं घेतली की लाट पुढे सरकताना दिसते.

लाटेची लांबी म्हणजेच उत्तर. वेग हा लांबी गुणिले कंपनसंख्या, आणि वेगाच्या वर्गावरून घट्टपणा. २ किलोपास्कल घट्टपणाच्या यकृतात ६० हर्ट्झची लाट सुमारे २४ मिलिमीटर लांब असते, ५ किलोपास्कलला सुमारे ३७. फरक डोळ्यांनीही दिसतो, म्हणून रंगीत नकाशाआधी लाटांची चित्रं पाहा. लाट नीट सरळ पुढे जात नसेल, तर प्रोग्राम जो आकडा देईल तो निरर्थक. मोजणीचा भाग आखताना यकृताची कड, मोठ्या रक्तवाहिन्या, पित्ताशय आणि हृदयाखालचा डावा भाग सोडा, आणि यंत्राने खात्रीशीर ठरवलेल्या क्षेत्रातच राहा.

साधारणपणे २.५ किलोपास्कलच्या खाली निरोगी, आणि ५ च्या वर सिरोसिसकडे बोट. मधल्या आकड्यांना जपून. सूज, हृदयाच्या त्रासाने यकृतात साचलेलं रक्त, तुंबलेलं पित्त यांनीही आकडा चढतो. अल्ट्रासाऊंडच्या इलास्टोग्राफीचे किलोपास्कल वेगळ्या व्याख्येचे असतात, साधारण तिप्पट, म्हणून दोन्ही आकडे शेजारी लिहून तुलना करू नका. यकृतात लोह साठलेलं असेल तर नेहमीच्या ग्रेडियंट-एको पद्धतीत सिग्नलच उरत नाही. तिथे स्पिन-एकोवर आधारलेली पद्धत लागते.

शेवटची पायरी: स्वतःच्या आकड्यावर संशय घ्या

मेंदू असो वा यकृत, अहवाल लिहिण्याआधी तीन चाचण्या करा. वेग मोजायच्या दिशेचं चिन्ह उलटं करून पुन्हा स्कॅन करा: खरी हालचाल उलटी दिसायला हवी, जी उलटत नाही ती खोटी. मेंदूच्या बाबतीत ईसीजीऐवजी कृत्रिम ठोका देऊन माणसाचाच एक स्कॅन करा. ठोक्याशी जुळवणी तुटली की आलेख जवळजवळ सपाट व्हायला हवा. उसळी उरली तर ती हृदयाची नाही.

तिसरी चाचणी सगळ्यांत कंटाळवाणी, म्हणून सगळे टाळतात. माणसाला टेबलावरून उतरवा, पाच मिनिटं चालू द्या, पुन्हा झोपवा, फोम पुन्हा भरा, काप पुन्हा आखा आणि पुन्हा मोजा. दोन आकड्यांत पडलेला फरक तुमच्या पद्धतीची खरी चूक सांगतो, सूत्राने काढलेली ०.०५६ नव्हे. अहवालात व्हेंक, फ्रेमची लांबी, गेटिंगचा प्रकार आणि केलेल्या दुरुस्त्या यांच्या शेजारी हा फरकही लिहा, आणि कच्ची फेज-चित्रं जपून ठेवा.